लेमन सेटचे उरलेले ग्लास, कबाडीतल्या बरण्या आणि महालक्ष्म्यांची आरास

पळसफूल

श्रावण लागला की आमच्याकडे महालक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, बोलणं सुरू होतं. तिघी जावांत यंदा पाळी माझी. घर देवळी तालुक्यात. समोरची छपरी आणि माजघर अजून कवेलूचं, मागची एक खोली स्लॅबची. सोयाबीन शेतात उभं, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडं धरायचीत, म्हणजे हातात पैसा यायला दिवाळी उजाडणार. आरासीसाठी ५०० रुपये बाजूला ठेवलेत. थर्माकोलचं मखर आणायचं नाही, हे आधीच ठरवलंय.

गेल्या आठवड्यात तालुक्याला गेले होते. कबाडीच्या दुकानामागे काचेचा ढीग दिसला आणि त्यात लेमन सेटचे ग्लास. आपल्या सगळ्यांच्या लग्नात आहेर म्हणून आलेले तेच, एक जग, सहा ग्लास, वर सोनेरी काठ. आधी जग फुटतो, मग दोन ग्लास, आणि उरलेले चार वीस वर्षं वरच्या फळीवर बसून राहतात. घर रंगवायला काढलं की थेट कबाडीत. मी त्यातून सात ग्लास, दोन खोलगट बशा, वाणात आल्या असाव्यात अशा तीन वाट्या, एक मोठी ताटली, कॉफीच्या दोन बाटल्या आणि रुंद तोंडाची एक बरणी निवडली. सगळ्याचे १२० रुपये दिले.

मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कोमट पाणी आणि धुण्याचा सोडा टाकून सगळं रात्रभर भिजत ठेवलं. सकाळी लेबलं आपोआप सुटली. खालचा चिकट डिंक मात्र पाण्याला दाद देत नाही. त्याला खोबरेल तेल आणि खाण्याचा सोडा सारखा कालवून लावायचा, दहा मिनिटं ठेवायचा, मग जुन्या लुगड्याच्या चिंधीने चोळायचं. नखंही लावावी लागत नाहीत.

फराळ मांडायला दोन मजली स्टँड करायचं होतं. खाली मोठी ताटली, मध्ये पालथा ग्लास, वर बशी. पहिल्यांदा ती पाच रुपयांची झटपट चिकटवणारी नळी वापरली. चिकटलं, दिसायलाही छान दिसलं. दोन दिवसांनी धुवायला घेतलं आणि वरची बशी हातातच सुटून मोरीच्या फरशीवर गेली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, झाडू घेऊन आल्या आणि पोरांना मागच्या दारानं बाहेर काढलं.

दुसऱ्या बशीला अराल्डाइट आणलं, दोन नळ्यांवालं. ते कसं लावलं ते नीट सांगते, कारण सगळं काम तिथेच आहे. ताटली कागदावर पालथी ठेवून पेन्सिलीनं गोल काढला, कापला आणि त्याची दोनदा घडी घातली. घड्या उघडल्या की जिथे रेघा एकमेकींना छेदतात तो मध्य. कागद ओला करून ताटलीला खालून चिकटवला. काच आरपार दिसते, त्यामुळे वरून मध्य बरोबर सापडतो. ग्लासाच्या काठावरचा सोनेरी वर्ख आधी ओल्या पॉलिश पेपरने खरवडून काढला. वर्खावर गोंद लावला तर गोंद वर्खाला चिकटतो आणि वर्ख काचेला सोडतो. मग दोन्ही जागा स्पिरिटने पुसल्या, त्यानंतर बोट लावलं नाही. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन्ही नळ्यांतलं सारखं सारखं काढून काडीनं घोटलं, पातळ लावलं, ग्लास बसवला आणि वर मिठाचा पुडा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत हात लावला नाही. मग बशी, पुन्हा एक दिवस. आता घट्ट आहे.

प्रश्न दोन. उरलेल्या ग्लासांत दिवे लावायचेत, मेणाचे छोटे दिवे थेट ठेवले तर चालेल का? आणि रंगासाठी काही स्वस्तातलं सुचवा.

चिमणीचा_उजेड

ताई, मेणाचा दिवा त्या ग्लासात थेट ठेवू नका. मी ३० वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळली, त्या अनुभवावरून सांगतो. आपले ग्लास, बरण्या, बाटल्या साध्या काचेच्या. प्रयोगशाळेतली परीक्षानळी आणि बोरोसिलची भांडी असतात ती बोरोसिलिकेट काचेची. तापल्यावर साधी काच त्या काचेच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते. दिवा तळाशी, म्हणजे तळ तापतो, काठ गार राहतो. तळ पसरू पाहतो, काठ त्याला पसरू देत नाही आणि मध्येच तडा जातो. जाड बूड असेल तर धोका जास्त, कारण जाड काच आतून तापली तरी बाहेरून गारच असते. लेमन सेटचं बूड जाडच असतं.

कंदिलाची काच इतकी ज्योत सोसते ती पातळ आणि सगळीकडून सारखी तापते म्हणून. तीच तापलेली असताना पाण्याचा एक थेंब पडला की चट्कन तडकते. लहानपणी दिवेलागणीआधी राखेनं कंदिलाच्या काचा पुसायचं काम माझ्याकडे होतं. काच पूर्ण कोरडी झाल्याशिवाय आई वात पेटवू देत नसे. आमच्याकडे प्रभाकर कंदील होता. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला १९१६ साली काचेचा कारखाना उभा राहिला, तिथला तो. कबाडीत त्याची अख्खी काच मिळाली तर सोडू नका.

पऱ्हाटी

पळसफूल ताई, मेनाचे दिवे कायले आनता? पान्यावरचा दिवा करा नं. आमच्या घरी माही आजी करे. ग्लासात पानी भराचं, वरून दोन बोटं रिकामं ठेवाचं. त्याच्यावर दोन चमचे तेल सोडाचं. तेल वरतेच राह्यते. बुचाची पातळ चकती कापाची, तिले गोयांच्या पाकिटाची चांदी गुंडाळाची, मधात छेद पाडून कापसाची बारीक वात ओवाची. चकती तेलावर तरंगते. पानी खाली असल्यानं ग्लास तापत नाई. तेल सरलं का वात पान्याले टेकते, जराशी तडतड करते अन् आपोआप इझते. रातभर दिव्यावर नजर ठेवाची गरज नाई.

पान्यात झेंडूच्या पाकळ्या टाका, खालून लय बेस दिसते. आमच्या इकडे दर्यापूरकडे खारपाणपट्टा हाये, बोअरच्या पान्यानं ग्लास दोन दिवसात पांढरा होते. चिंचेच्या कोळानं घासा, निंघते. निंघाला नाई तर समजाचं का काचच खराब झाली, ते मग घासून बी जात नाई.

पळसफूल

पऱ्हाटी ताई, आजच करून पाहिला. गोड्या तेलाचा, घरच्याच कापसाची वात. पहिली वात जाड झाली, चकती एका बाजूला कलून बुडाली. बारीक वळल्यावर जमलं. दोन चमचे तेलात आरतीच्या वेळेपासून सगळ्यांची जेवणं होईपर्यंत जळला आणि शेवटी तुम्ही म्हणता तसाच तडतडून शांत झाला. ग्लासाला बाहेरून हात लावला तर गार होता.

कबाडवाला_परतवाडा

माझं स्वतःचं भंगारचं दुकान आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो. काच हा आमच्या धंद्यातला सगळ्यात नकोसा माल. वजनाला जड, जागा खातो, पोत्यात फुटतो, पोरांचे हात कापतो आणि भाव लोखंड-तांब्याच्या जवळपासही नाही. बिअरच्या बाटल्या आम्ही वेगळ्या काढतो, त्या धुऊन परत भरायला जातात. बाकी काचेचा चुरा होऊन भट्टीत जातो, तिथे वितळून नवी काच होते. तेव्हा तुम्ही ढिगातून चांगले चार ग्लास निवडलेत तर कबाडीला त्रास नाही, उलट बरंच वाटतं. आधी विचारा आणि ढिगात हात घालायचा तर जाड हातमोजे घाला. दिवाळीच्या आधी या, घरं आवरली जातात तेव्हा चांगला माल येतो. जुन्या हॉटेलची भांडी, शरबताचे उभे ग्लास, लोणच्याच्या बरण्या, कधी कधी गोटी सोड्याची बाटलीही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मनापासून. फवारणीच्या औषधाची बाटली, मग ती काचेची असो की प्लास्टिकची, कितीही सुंदर आकाराची असो, धुऊनसुद्धा घरात आणू नका. ॲसिडचीही नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर गेले, ते आपण जवळून पाहिलंय. लेबल निघालेली, ओळख न पटणारी बाटली आली की मी ती सजावटीसाठी कोणालाच देत नाही. ज्या बाटलीत काय होतं ते माहीत नाही, ती चुऱ्यातच.

एक_आई

वरच्याशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालते. रंगीत चित्रं असलेले जुने ग्लास आणि ती जड, चकाकणारी कोरीव काच शोभेला ठेवा, खाण्यापिण्याला नको. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि जड क्रिस्टलच्या काचेत ते मुद्दाम घातलेलं असतं. लोणचं, लिंबाचं सरबत अशा आंबट पदार्थात ते उतरतं. पळसफूल, तुझ्या स्टँडवर करंज्या मांडशील तेव्हा खाली केळीचं पान घाल. पान शोभतंही आणि पदार्थ काचेला व गोंदालाही लागत नाही.

धानाचा_बांध

नमस्कार. आम्ही भंडाऱ्याकडचे. मला बाटल्या मधोमध कापून ग्लास आणि कुंड्या करायच्या आहेत. व्हिडिओत दाखवतात की सुतळी रॉकेलमध्ये भिजवून बाटलीला गुंडाळायची, पेटवायची आणि गार पाण्यात बुडवायची. कोणी केलंय का?

चिमणीचा_उजेड

केलंय, आणि म्हणूनच करू नका म्हणतो. तत्त्व तेच, तापलेली रेघ अचानक गार केली की तडा जातो. पण बाटलीची काच सगळीकडे सारख्या जाडीची नसते. एका बाजूला पातळ, एका बाजूला जाड. तडा रेघेवर सुरू होतो आणि पातळ बाजूनं हवा तसा धावतो. मी सहा बाटल्या केल्या, एक सरळ तुटली. आणि ती तुटल्यावर खरं काम सुरू होतं. काठ पात्यासारखा असतो. तो १२० नंबरच्या वॉटर पेपरपासून सुरू करून २२०, मग ४०० असा पाण्याखाली घासावा लागतो. कोरडा घासला तर काचेची भुकटी नाकातोंडात जाते. इतकं करूनही तो काठ ओठाला लावण्याजोगा होत नाही. शिवाय हातात पेटतं रॉकेल. कडक केलेली काच असेल तर कापणं शक्यच नाही, ओरखडा खोल गेला की अख्खी वस्तू दाण्यादाण्यांनी फुटते. गाडीच्या बाजूच्या काचेचा जसा भुगा होतो तसा.

पळसफूल

धानाचा_बांध दादा, न कापताही पुष्कळ करता येतं. आमच्या छपरीच्या लाकडी खांबाला मी अंबाडीच्या दोरीनं तीन बाटल्या बांधल्यात, एकीखाली एक. गळ्याला दोन वेढे, गाठ आणि बुडाखालून आधाराचा एक वेढा. नुसत्या गळ्यावर टांगली तर वाऱ्यानं दोरी घसरते. त्यात मनीप्लांटच्या फांद्या पाण्यात घातल्यात. माती नको, कुंडी नको. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलते, नाहीतर डास होतात.

पऱ्हाटी

बाटलीत पानी भरून खिडकीत ठेवत असान तं माहं आयका. मांगच्या वर्षी मी गोल पोटाची बाटली भरून माजघराच्या खिडकीत ठेवली होती, दिसाले मस्त. दिवाई झाली, कापूस वेचून घरात आनला. भाव यावा म्हनून माजघरात ढीग घातला, छतापर्यंत. हिवाळ्यातलं ऊन खाली येते, खिडकीतून थेट आत घुसते. एक दिवस सकाई पाह्यलं तं ढिगावर टाकलेल्या तरटाले लहानसा काळा डाग अन् जळका वास. बाटलीनं भिंगासारखं ऊन एका जागी धरलं होतं. तरट होतं म्हनून डागावर निभलं, खाली सारा वर्षाचा कापूस. त्या दिवशीच बाटली तिथून हालवली. आता पान्याची बाटली छपरीत सावलीत, घरात नाई.

चिमणीचा_उजेड

पऱ्हाटी ताईंनी फार मोलाचं सांगितलं. पाण्यानं भरलेली गोल बाटली म्हणजे भिंगच. उभी चौकोनी बाटली ऊन असं एका ठिकाणी गोळा करत नाही. खिडकीत ठेवायचीच असेल तर चौकोनी घ्या किंवा रिकामी ठेवा. कापूस, कडबा, तुराट्या घरात असताना तर गोल नकोच.

एक_आई

रंगाचं राहिलंच. फेविकॉलमध्ये थोडं पाणी आणि खाण्याचा रंग मिसळून स्पंजनं टिपत लावलं की धुकट रंगीत काच होते. पण हा रंग आतून लावला तर त्यात पाण्यावरचा दिवा ठेवता येणार नाही, पाण्यानं रंग निघतो. बाहेरून लावायचा आणि ओला हात लावायचा नाही.

धानाचा_बांध

पळसाची फुलं भिजवून त्याचं केशरी पाणी बाटलीत भरलं तर? होळीला आम्ही तेच करतो. तुरटी घातली की पिवळं होतं.

पळसफूल

मी हे फाल्गुनात केलं होतं, माझं नावच ते असल्यामुळे मोह आवरला नाही. चार दिवस डोळे निवतात. नंतर उन्हानं रंग उडतो आणि पाण्याला वास येतो. होळीपुरतं ठीक.

पण रंगाचा उपाय मला घरातच सापडला. आमच्या गल्लीत दर पंधरवड्याला कासारीण येते. तिच्याकडे वाढलेल्या, म्हणजे फुटलेल्या, बांगड्यांचा आणि जोडी न लागणाऱ्या सुट्या बांगड्यांचा डबा असतो. सुट्या अख्ख्या बांगड्या तिनं मूठभर दहा रुपयांना दिल्या, हिरव्या, लाल आणि थोड्या पिवळ्या. त्या एकावर एक रचून मध्ये अराल्डाइटचे चार-चार ठिपके देत गेले. ग्लासाच्या काठापेक्षा बोटभर बुटकी नळी झाली. ती पाण्यावरच्या दिव्याच्या ग्लासावरून खाली सोडली. अंधारात लावून पाहिलं तर शेणानं सारवलेल्या भिंतीवर हिरवे-लाल पट्टे उमटले, आणि ज्योत हलली की पट्टेही हलतात. सासूबाई देवापुढून उठून आल्या आणि बराच वेळ उंबऱ्यावर बसून पाहत राहिल्या. "माह्या चुड्याचा रंग असाच होता," म्हणाल्या. एवढंच.

एक_आई

वाचून अंगावर काटा आला. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे वापरणार असशील तर टोकं बोथट कर किंवा बंद बरणीतच ठेव, घरात लेकरं आहेत.

कबाडवाला_परतवाडा

ताई, उन्हाळ्यात चिमण्यांसाठी काचेच्या बशीत पाणी ठेवायचं स्टँड लोक मागतात. करावं का?

पळसफूल

मी नको म्हणेन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. काचेत पाणी चांगलंच तापतं आणि बशीच्या काठावर पाखराचे पाय घसरतात. मातीचं परळ पाझरतं, त्यामुळे पाणी गार राहतं, आणि खरबरीत काठावर पाखरू नीट बसतं. त्यासाठी कुंभाराकडे जा. काचेनं घर सजवायचं, पाखराला मातीच हवी.

पळसफूल

(महालक्ष्म्या उठल्यावर)

तीन दिवस एकदाही उसंत मिळाली नाही, म्हणून उशिरा लिहितेय. पहिल्या दिवशी मुखवटे बसले, दुसऱ्या दिवशी जेवण, आंबील, पुरण, सोळा भाज्या. वर फुलोरा, म्हणजे तळणीच्या पदार्थांची माळ, टांगला. यंदा फुलोऱ्याच्या दोन्ही टोकांना दोरीनं कॉफीच्या बाटल्या टांगल्या आणि त्यात शेवंती घातली. फराळाच्या स्टँडवर खाली लाडू, वर करंज्या, मध्ये केळीचं पान. भरलं तेव्हा माझा जीव वरखाली होत होता, म्हणून वरच्या बशीत सातच करंज्या ठेवल्या. टिकलं. तिसऱ्या दिवशी धुतलं, तरीही टिकलं.

दोन्ही महालक्ष्म्यांपुढे पाण्यावरचे पाच दिवे आणि बाजूला बांगड्यांच्या दोन नळ्या. आठच्या सुमाराला लाइन गेली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. मी इन्व्हर्टरवाल्या शेजाऱ्यांकडून दिवा आणायला निघाले तर धाकट्या जावेनं हात धरला. पुढचा तासभर कुणालाच लाइनची आठवण झाली नाही. पुढच्या वर्षी पाळी तिची आहे, आणि तिनं त्याच रात्री स्वतःच्या कपाटातले लेमन सेटचे तीन ग्लास काढून धुवून ठेवलेत.

हिशेब: काच १२०, अराल्डाइट, स्पिरिट आणि पॉलिश पेपर मिळून १९०, बांगड्या ५०, दोरी घरची. फुटलेली बशी त्यातच. ५०० मधले १४० उरले, त्याची शेवंती घेतली.

धानाचा_बांध

ताई, अभिनंदन. बायकोला बांगड्यांची नळी करायची आहे. कोणत्या मापाच्या बांगड्या घ्यायच्या? आमच्याकडचे ग्लास जरा रुंद आहेत.

पळसफूल

दादा, आधी ग्लास मापा, मग बांगडी. दोन-चारची बांगडी आतून सव्वादोन इंच, म्हणजे साधारण ५७ मिलिमीटर. दोन-सहाची ६० च्या थोडी वर. दोन-आठची अडीच इंच, ६३ च्या आसपास. ग्लास जिथे सगळ्यात रुंद आहे, म्हणजे बहुतेक वेळा काठाशी, तिथे दोरा गुंडाळून घ्या, दोरा पट्टीवर मोजा आणि त्या आकड्याला ३.१४ ने भागा. बांगडी त्यापेक्षा निदान ३-४ मिलिमीटर मोठी हवी. ग्लासाला घासली तर काढताघालताना बांगड्या वाढतात. आणि नळी नेहमी ग्लासाच्या काठापेक्षा बोटभर खालीच थांबवा, ज्योतीची धग वरच्या बांगडीला लागायला नको.

कासारणीला दोन-आठच्या सुट्या आधी सांगून ठेवा. मोठं माप तिच्या डब्यात कमी असतं.